गुडघ्याला किलोमीटर ठरवून दिलेले नसतात

‘गुडघा म्हणजे टायर. किलोमीटर ठरलेले. पन्नाशीनंतर चालणं बंद, जिना बंद, मांडी घालणं बंद.’ खाली ग्लुकोसामिनच्या, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांची जाहिरात आणि ‘दहा जणांना पाठवा’. नागपुरात महालापासून मनीषनगरापर्यंत हा मेसेज फिरतोय. आमच्या मावशींनी तो वाचला आणि सकाळचं फिरणं सोडून दिवाण धरला. आता बोला!

टायर घासला की संपला. गुडघा जिवंत आहे. त्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि त्यासाठी सांध्यावर दाब पडावा लागतो, सुटावा लागतो. म्हणजे पाऊल टाकावंच लागतं. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच उतरतो. मग जिन्यावर तो भार पेलत नाही, दुखणं वाढतं आणि माणसाला मेसेजच खरा वाटू लागतो. सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. झिजलेली कूर्चा व्यायामाने भरून येत नाही, एवढं मात्र कबूल.

‘दुखलं की व्यायाम कायमचा बंद’ हा मेसेजमधला दुसरा मुद्दा. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेची ऑक्टोबर 2022ची मार्गदर्शिका सांधेझिजेच्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेचा व्यायाम द्या म्हणते, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हे त्याला सांगून ठेवा असंही म्हणते. ग्लुकोसामिन देऊ नका, हेही त्यातच आहे.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहात तीन-चारपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीइतकं खाली यायला हवं. नाही आलं तर व्यायाम जितक्या वेळा करता तो आकडा निम्मा करा, व्यायाम सोडू नका.

सुरुवात पलंगावर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ, वीतभर उचलायचा. कंबर उचलली जात असेल तर पाय जास्त वर जातोय. तिसरा, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा, बैठकीवर उशी टाकून उंची वाढवा, आधी पाच वेळाच. दोन चुका हमखास होतात: उठताना गुडघे आत वळतात, आणि बसताना धपकन बसलं जातं. सावकाश बसण्यातच खरी मेहनत आहे.

चालणं पाच-दहा मिनिटांपासून, सपाटीवर. सेमिनरी हिल्सची टेकडी सध्या राहू द्या; उतार गुडघ्याच्या वाटीला चढापेक्षा जास्त जाचतो. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत परत या. ‘सिमेंट रोडने गुडघे गेले’ म्हणणाऱ्यांनी आधी झिजलेली चप्पल बदलून जाड तळाचे बूट घालून पाहावेत.

अंगभर स्नायू दुखणाऱ्यांना, म्हणजे फायब्रोमायल्जियावाल्यांना, ‘आराम करा’ सांगणं तर आणखी चूक. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ संघटनेने 2017च्या शिफारशींत ठाम पाठिंबा एकाच उपायाला दिला: व्यायामाला. फक्त बरं वाटलेल्या दिवशी दुप्पट करायचं नाही. पुढचे तीन दिवस दुखण्यातच जातात.

गुडघ्यात कटकट आवाज? दुखत नसेल, सूज नसेल तर सोडून द्या. ‘वंगण संपलं’ वगैरे काही नसतं.

मांडी घालण्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, काय करता! गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागे दाब वाढतो. दुखणं जोरात असेपर्यंत खुर्ची आणि कमोड वापरा. जन्मभराची बंदी कशाला?

सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकून सरळच होईना, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर यातलं काहीही न करता डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल तर आमवाताची तपासणी करून घ्या. बाकीच्यांनी एकदा फिजिओथेरपिस्टसमोर हे तीन प्रकार करून दाखवावेत. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपीचा विभाग आहे.