जुन्या पिकअपचा मेंदू बदलताना घ्यावयाची बेफिकिरी

गाडी बंद पडली की आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघायचे, ही आपल्या वडिलांच्या पिढीची खोड. तुम्ही एवढं खाली उतरू नका. तुमच्याकडे 2012 ची डिझेल पिकअप आहे, कॉमन रेलची, म्हणजे दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणारी. म्हणजे तिला इसीएम, इंजिन चालवणारा संगणक, आहे, म्हणजे मेंदू आहे. आणि मेंदू असलेल्या कुणाचंही काही बिनसलं की आपल्याकडे निदान एकच: डोकं फिरलं. गाडीला वेगळा न्याय कशाला?

मुहूर्त मात्र नीट निवडा. अखजीचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस सर्वात उत्तम. घरी लेकीबाळी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, चोपड्याकडच्या मळ्यात केळी कापून पडलेली, वर 44 अंश, आणि व्यापारी बऱ्हाणपूरचा भाव बघून दर पाडायच्या तयारीत. कागदावर सव्वा टन मावणाऱ्या हौद्यात दोन टन घड रचून झाले आणि माझी गाडी तिथंच बांधावर बसली. सेल्फ फिरतोय, इंजिन पेटत नाही. पेटलंच तर मिसिंग मारतं आणि पुन्हा बसतं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, मनाला येईल तेव्हा विझतो.

पाच मिनिटांत सात माणसं जमली. त्यातल्या सहांनी डिझेलमध्ये पाणी गेल्याचं सांगितलं. सातवा मेकॅनिक होता. त्याने बोनेटवर हात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा, आणि म्हणाला, ‘डोकं फिरी गयं भो गाडीनं. इसीएम गया.’ मला फार बरं वाटलं. पाणी गेलं असं कुणीही म्हणेल. इसीएम गेला म्हणायला अभ्यास लागतो.

आता तुम्ही स्कॅनर मागवा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खुपसला की कोड येतात. माझ्या गाडीने आठ दाखवले: रेलच्या दाबाचा सेन्सर, ॲक्सिलरेटरचं पेडल, टर्बोच्या हवेचा दाब, असं बरंच काही. एकाच सकाळी आठ जण आजारी पडले तर पंगतीतल्या जेवणावर संशय घ्यावा, एवढं आपल्याला लग्नघरात कळतं. गाडीजवळ कळून घेऊ नका. काही सेन्सरांना इसीएमकडून 5 व्होल्टचा एकच सामाईक पुरवठा जातो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्या ओळीचा वीजपुरवठा बसतो आणि सगळेच बोंबलतात. एकेकाचा कपलर, म्हणजे वायरचा प्लग, काढून बघितला तर ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत येतात तो चोर. यात अर्धा तास जातो आणि खर्च शून्य होतो. खर्च शून्य झाला तर गावाला काय सांगणार?

मल्टिमीटरही घरातच राहू द्या. त्याची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारला, तर आकडा अर्ध्या व्होल्टाच्या आत राहायला हवा. जास्त आला तर अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, खराब. हे कळलं की पुढचा सगळा कार्यक्रम रद्द होतो, म्हणून ही पायरी टाळाच. आमच्या गल्लीत एक रिटायर वायरमन आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते काठी टेकत आले, गाडीखाली वाकून म्हणाले, ‘पहिले अर्थिंग देख भो.’ आम्ही त्यांना सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. म्हाताऱ्या माणसांना ऊन लागतं.

जुना इसीएम काढताना बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा नाही. चावी चालू ठेवूनच कपलर ओढा, ठिणगी पडली तर तेवढीच करमणूक. कपलरची खिट्टी नुसत्या बोटांनी निघत असेल तरी पान्हा वापरा. आणि हातात आलेला तो ॲल्युमिनियमचा डबा ताबडतोब भंगारवाल्याला विका. मी 150 रुपयांना विकला. यातलं शहाणपण पुढे कळतं. गाडीची ओळख, ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरचा कोड, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांची माहिती हे सगळं त्या डब्याच्या मेमरीत असतं, आणि दुसरा डबा चालता करायचा तर बहुतेकदा हीच माहिती त्यात उतरवावी लागते. म्हणून तर तो आधी घालवायचा. मृत्युपत्र सापडण्याआधी पेटी जाळावी, तसं.

मग जळगाव गाठा. नवा घेऊ नका, नवा 32 हजारांचा सांगितला. जुन्या मालाच्या दुकानात ‘ओरिजनल, चालू गाडीतून काढलेला’ नऊ हजारांना मिळतो. तिथला सगळा माल चालू गाडीतूनच काढलेला असतो. मग ती चालू गाडी कुठे गेली, असं विचारणं असभ्यपणाचं. डब्यावरच्या स्टिकरचा नंबर पडताळायचा मोह होईल, आवरा. माझ्या डब्याचे शेवटचे दोनच आकडे वेगळे होते. दोन आकड्यांनी काय होतं, असं दुकानदार म्हणाला आणि मलाही पटलं. मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे चुकले की फोन भलत्याच घरी वाजतो, हे मला तापीच्या पुलावर आठवलं.

बसवल्यावर काय झालं? आधी सेल्फ तरी फिरत होता, आता तोही फिरेना. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकायला लागलं. नव्या डब्याला चावी ओळखता येत नव्हती, आणि अनोळखी माणसाला गाडी देऊ नये एवढे संस्कार त्याच्यावर होते. मेकॅनिक म्हणाला, बायपास करू. बायपास हा शब्द आपल्याकडे रस्त्याला, हृदयाला आणि इमोबिलायझरला सारख्याच आत्मविश्वासाने वापरतात. त्या बायपासाने गाडी एकदा पेटलीसुद्धा, पण काळा धूर ओकत आणि चौरंगावर बसवलेल्या कानबाई देवीच्या नारळासारखी डुलत. कारण प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक बारीक कोड छापलेला असतो. कारखान्यात दोन इंजेक्टर हुबेहूब सारखे होत नाहीत, कुणी केसभर जास्त डिझेल सोडतो, कुणी कमी. तो फरक त्या कोडात असतो आणि नव्या इसीएमला तो सांगावा लागतो. आमच्या इंजेक्टरांवर केळीचा चीक, धूळ आणि तेल यांचा असा थर होता की कोड वाचायला पुरातत्त्व खातं लागलं असतं. तुम्हीही पुसू नका.

शेवटी परत जळगावला, इसीएम दुरुस्त करणाऱ्या पोराकडे. त्याच्या टेबलावर लहानसं सोल्डरिंग आयर्न, भिंग आणि अर्धा खाल्लेला वडापाव. तो म्हणाला, जुना डबा आणा, त्यातला डेटा यात टाकतो. मी भंगारवाल्याकडे गेलो. 150 ला घेतलेला डबा त्याने मला 1200 ला दिला. व्यापार असा करावा, केळीवाल्यांनी शिकावं. पोराने तो टेबलावरच्या सप्लायला जोडला, लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘काका, हा तर चालू आहे.’

ही बातमी घरी सांगायची नसते.

आप्पा अजून सावलीतच बसले होते, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सावलीत. या वेळी आम्ही त्यांना गाडीखाली जाऊ दिलं. इंजिनपासून चेसिसला जाणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची अर्थिंगची पट्टी त्यांनी दोन बोटांत धरली आणि ती पापडासारखी मोडली. आत हिरवी भुकटी. चार हंगाम मी त्याच हौद्यातून पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. फाटक्या गोणीतलं खत खाली झिरपायचं, वर वॉशिंगवाल्याच्या प्रेशरचं पाणी. पोटॅश म्हणजे शेवटी एक मीठच, ते धातूला खातं. मग दोन-तीन तारा शिल्लक असतील, त्यांचा निकाल मी आठ दिवसांपूर्वी लावला होता. हौद्याच्या फाळक्याची उंची वाढवायला वेल्डिंग करून घेतलं, बॅटरी न सोडता, अर्थचा चिमटा भलतीकडेच लावून. वेल्डिंगचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि त्याला त्या पट्टीची वाट सापडली. खरं तर अशा वेळी बॅटरीची दोन्ही टोकं आणि इसीएमचे कपलर काढून ठेवतात, नाहीतर खरंच मेंदू जळतो. माझा वाचला, हा त्याचा दोष नव्हे.

नवी पट्टी 180 रुपयांची. आप्पांनी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी आवळली, वरून ग्रीस फासलं. जुना डबा बसवला. पहिल्या सेल्फला गाडी पेटली. पिवळा दिवा विझला, तो आजपर्यंत विझलेलाच आहे. आप्पांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. मेकॅनिकने दोन्ही घेतले.

केळी तोवर पिवळी पडून गुरांना गेली होती.

आता प्रश्न उरतो तो नऊ हजारांच्या दुसऱ्या डब्याचा. दुकानदार परत घेत नाही. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नसतात, असं त्याने गल्ल्यावरच्या गणपतीकडे बघून सांगितलं. तो डबा महिनाभर आमच्या ओट्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण दाबायला होता. परवा पारोळ्याकडचा एक पिकअपवाला विचारत आला. गाडी कशी आहे म्हणालो. सेल्फ फिरतो, पेटत नाही, दिवा लागतो-विझतो, मेकॅनिक म्हणतो डोकं फिरलंय. मी बरणीवरचा डबा काढला, तेलाचे डाग धोतराच्या सोग्याने पुसले आणि म्हणालो, ओरिजनल आहे, चालू गाडीतून काढलेला.

अर्थिंगची पट्टी बघून घे म्हणून सांगणारच होतो. पण तोवर त्याने आठ हजार मोजून ओट्यावर ठेवले होते.