'आमच्या मुली कधी कुरकुरल्या नाहीत' असं लिहिणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण '३५ वर्षं सह्याद्री तुडवतोय' असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते. बायकांनी सॅक कशी निवडावी या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॅक ही सॅक असते, 'लेडीज फिट' हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. तुमच्या मुलीला पुरुषांची लहान मापाची सॅक उत्तम बसते. पावसाळ्यात नुसत्या रेनकव्हरने भागत नाही. मी सुचवलेल्या सॅक महाग आहेत, आणि कंपन्यांनी मला काहीतरी दिलं असेल असा आडून टोमणा. आदिवासी बायका डोक्यावर मोळी घेऊन गड चढतात, त्यांना कुठे फिट लागतो? आणि शेवटी, "आमच्या ग्रुपमधल्या मुलींनी कॅनव्हासच्या हॅवरसॅक पाठीवर टाकून हरिश्चंद्रगड केला, रतनगड केला, कधी कुरकुरल्या नाहीत. इतकं नाजूक असेल त्यांनी घरी बसावं."

रेनकव्हरचं तुमचं म्हणणं मान्य. आपल्याकडच्या पावसात पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये उतरतं, तिथे कव्हर पोचतच नाही. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरावं, हे खरं. लेखात ती ओळ घातली आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. माझं म्हणणं पटत नाही, एवढंच लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण 'घरी बसावं' हे तुम्ही कुणाला सांगताय? हा लेख वाचणाऱ्यांत वनरक्षक मुली आहेत, ज्या रोज बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात, पायी फिरतात. पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या आहेत, पक्षी मोजणाऱ्या आहेत. मी स्वतः वनस्पतींच्या सर्वेक्षणाचं काम करते. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता आम्ही दिवसभर असतो. पाठीवर झाडांचे नमुने दाबून वाळवायची लाकडी प्रेस, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, वह्या, जीपीएस, रेनकोट आणि तीन लिटर पाणी. सड्यावर सावलीला झाड नसतं आणि सॅक टेकवायला कोरडी जागाही नसते. हे आमचं पोट भरण्याचं काम आहे. घरी बसण्याचा सल्ला आम्ही ऐकत मोठ्या झालोय, तो पुन्हा डोंगरातल्या माणसाकडून ऐकायची तयारी नव्हती.

आणि 'कधी कुरकुरल्या नाहीत' म्हणता, तर त्या न कुरकुरणाऱ्या मुलींपैकी मी एक आहे. तुमच्या ग्रुपमधली नाही, पण तशाच एका ग्रुपमधली. नव्वदच्या दशकात कॉलेजात असताना डोंगरात जायला लागले. वीस-पंचवीस मुलगे आणि तीन-चार मुली. घरून परवानगी काढताना काय काय सांगावं लागायचं ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. ती मिळाली की दुसरी परीक्षा ग्रुपमध्ये. मुलगी मागे पडली, थांबली, खांदा दुखतो म्हणाली, की पुढच्या ट्रेकच्या यादीत तिचं नाव नसायचं. कुणी तोंडावर बोलायचं नाही, निरोपच यायचा नाही. मग आम्ही दुखतंय असं म्हणायचोच नाही. लीडरने "ठीक आहे ना?" विचारलं की "एकदम ठीक". तुम्हीही असंच विचारलं असेल आणि तुम्हालाही हेच उत्तर मिळालं असेल.

काय दुखायचं ते आता सांगते. ग्रुपच्या सॅक सगळ्यांना सामाईक, पाठीचं माप एकच, उंच मुलाला बसेल असं. माझी पाठ साडेपंधरा इंच. सॅक खांद्यावर नीट बसवली की कमरपट्टा कमरेच्या हाडावर यायच्या ऐवजी खाली ओटीपोटावर आणि मांडीच्या सांध्यावर यायचा. चढावर पाय उचलला की मांडी पट्ट्यावर आपटायची. पाळीच्या दिवसांत तो पट्टा आवळणं शक्यच नव्हतं. म्हणून तो सोडून द्यायचा, आणि मग सगळं ओझं खांद्यांवर. खांद्याचे पट्टे माझ्या खांद्यांच्या मानाने लांब लांब लावलेले, त्यामुळे ते बाहेर घसरायचे. आम्ही मुली ओढणीने नाहीतर रुमालाने ते छातीवर एकत्र बांधायचो. सरळ पट्टा छातीवरून जाताना जिथे काचायचा तिथले वळ घरी आईलासुद्धा दाखवायची लाज वाटायची. हरिश्चंद्रगडाला तोलार खिंडीतून वर जाताना कातळाचा टप्पा लागतो. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, तर एक हात पट्टा सावरण्यात.

पुढे नोकरीत रोजच ओझं पाठीवर आलं तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. संध्याकाळी पेन धरवेना. खांद्यावर सतत वजन राहिलं की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. वैद्यकात याला रकसॅक पाल्सी असं नावच आहे, आणि ते धट्ट्याकट्ट्या सैनिकांनाही होतं. त्यांना तुम्ही नाजूक म्हणाल का? मापाची सॅक घेतल्यावर माझ्या मुंग्या थांबल्या. ओझं तेवढंच होतं, माणूस तोच होता.

'कंपन्यांनी काढलेलं खूळ' याबद्दल. वजन कमरेवर घ्यायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डिक केल्टी १९५२ साली ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला लागला आणि त्याची बायको नीना त्या शिवायची. कमरपट्टा रूढ करण्यात त्याच्या सॅकचा मोठा वाटा आहे. बायकांसाठी वेगळी घडण त्यानंतर आली, आणि तिच्यात मुख्यतः तीनच गोष्टी आहेत. पाठीची लांबी कमी, खांद्याचे पट्टे जवळ लावलेले आणि छातीला वळसा घालून जाणारे, आणि कमरपट्टा वरून निमुळता, कारण बायकांचं कटीचं हाड रुंद आणि कमर तिथून आत जाते. डॉयटर कंपनीच्या 'एसएल' लिहिलेल्या, म्हणजे बायकांसाठीच्या, सॅक घ्या किंवा ऑस्प्रेच्या बायकांच्या सॅक घ्या, फरक बघायला हाताने चाचपून बघावं लागतं, रंगावरून कळत नाही. हो, बाजारात नुसता रंग बदलून 'वुमन्स' असं लिहिलेल्या सॅकही आहेत. त्या घेऊ नका असं मी मूळ लेखात ठळक अक्षरांत लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही वाचलं असेल असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

मोळीचं उदाहरण तर मला फारच लागलं. मोळी घेणाऱ्या बाईचं ओझं मानेच्या सरळ रेषेत, कण्याच्या बरोबर वर असतं, आणि खाली चुंबळ असते. ती चुंबळ ती स्वतः, आपल्या लुगड्याच्या तुकड्याची, आपल्या डोक्याला बसेल अशी वळते. दुसऱ्याच्या मापाची वापरत नाही. आणि तिची मान दुखत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या कामात वाट दाखवायला येणाऱ्या बायकांबरोबर मी दुपारच्या भाकरीला बसते. मान, कंबर, गुडघे याशिवाय दुसरा विषय नसतो. तिचं कष्टाचं आयुष्य पुढे करून दुसरीला गप्प बसवणं मला योग्य वाटत नाही, आणि हे मी जेवढ्या सभ्यपणे सांगता येईल तेवढ्या सभ्यपणे सांगतेय.

तुमच्या मुलीला पुरुषांची लहान सॅक बसते, तर बसू दे. उंच, रुंद खांद्याच्या मुलींना बसते. त्यावरून बाकीच्यांचं काही ठरत नाही.

महाग आहेत, हे आहेच. माझी पहिली मापाची सॅक मी पगारातून पैसे साठवून घेतली. कुठल्याही कंपनीने मला काही फुकट दिलेलं नाही, तो आडून मारलेला टोमणाही माझ्या लक्षात आलाय. ज्यांना परवडत नाही त्यांनी पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक बघावी, ब्रँड कुठलाही असो. आणि दुकानात जाण्याआधी घरी माप घ्यावं. मान पुढे झुकवली की तळाशी टणक मणका हाताला लागतो, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवले की ते कण्यावर जिथे समोरासमोर येतात, तिथे शेवट. मधलं अंतर दुसऱ्या कुणाला टेपने मोजायला सांगा. दुकानात सॅक रिकामी घालून बघू नका, सात-आठ किलो भरायला लावा. कमरपट्ट्याची गादी हाडाला वरून मिठी मारेल अशी बसली पाहिजे. खाली सलवारीच्या नाडीची गाठ किंवा पँटचं बकल येत असेल तर तेही आत्ताच बघा, चार तासांनी तिथे फोड येतो. छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाच्या तीन-चार बोटं खाली, स्तनांच्या वर. केस बांधलेले असतात तसेच बांधून मान मागे टाका. वरचं झाकण अंबाड्याला ढकलत असेल तर उतारावर पुढचं बघताना त्रास होतो. हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात आणि दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

हा विषय नुसता वादाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात एका मुलीने मला विचारलंय की तिच्या ग्रुपचे सीनियर म्हणतात सॅकची सवय होईल, तर सवय होईपर्यंत किती थांबू? तिला मी थांबू नको म्हणून कळवलंय. यापुढे तुम्ही इथे जरूर लिहा, माझ्याशी भांडा, मापं चुकीची वाटली तर दाखवून द्या, मी छापेन. 'नाजूक' आणि 'घरी बसा' असलेली प्रतिक्रिया मात्र पुन्हा ठेवणार नाही.