लू सालोमेच्या नकाराने नित्शे वेडा झाला नाही

जळगाव-अमळनेरकडच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एका जुन्या छायाचित्रासह असा मजकूर फिरतो आहे की, लू सालोमे या तरुण लेखिकेने लग्नाला नकार दिल्यामुळे जर्मन तत्त्वज्ञ नित्शे वेडा झाला, ती दोन पुरुषांना चाबकाखाली वागवत असे, आणि इटालियन दिग्दर्शिका लिलियाना कावानी यांच्या १९७७ सालच्या चित्रपटात ही सत्यकथा आहे. ज्या अमळनेरात प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तिथल्या मुलांपर्यंत नित्शे या रूपात पोहोचावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

छायाचित्र खरे आहे. मे १८८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या एका स्टुडिओत ते काढले गेले; गाडीत लू आहे, तिच्या हाती आसूड आहे आणि बैलांच्या जागी नित्शेचा तत्त्वज्ञ मित्र पाउल रे व स्वतः नित्शे उभे आहेत. परंतु लूच्या आठवणींनुसार या मांडणीचा हट्ट नित्शेचाच होता. छोटी गाडी आणि आसुडाला बांधलेली फुलांची डहाळी या बारकाव्यांकडेही त्याने स्वतः लक्ष दिले, तर स्वतःचे छायाचित्र काढून घेणे रेला मुळातच आवडत नसे. पुरुषाने रचलेल्या गमतीवरून त्या स्त्रीचा स्वभाव ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

एकवीस वर्षांच्या लूला लग्न नको होते. तिघांनी एका घरात राहून अभ्यास करावा, ही तिची योजना होती. नित्शेने आधी रेमार्फत आणि नंतर स्वतः मागणी घातली, तेव्हा तिने दोन्ही वेळा स्पष्ट नकार दिला. यात चाबकाखाली वागवणे कुठे आहे?

वेडाचे कारण तर सनावळीपुढेच टिकत नाही. १८८२ च्या हिवाळ्यात नित्शे खचला होता, हे खरे. पण लगेच जानेवारी १८८३ मध्ये त्याने ‘झरथुष्ट्र’ या आपल्या गाजलेल्या ग्रंथाचा पहिला भाग लिहिला, १८८६ आणि १८८७ मध्ये त्याचे दोन प्रमुख ग्रंथ आले आणि १८८८ मध्ये तर तो झपाटल्यासारखा लिहीत होता. इटलीतील तुरिनमध्ये मानसिक तोल जाऊन तो कोसळला तो जानेवारी १८८९ मध्ये. डोके आणि डोळ्यांच्या दुखण्यांमुळे बाझेल विद्यापीठातली प्राध्यापकी त्याने १८७९ मध्येच, म्हणजे लू भेटण्याच्या तीन वर्षे आधी, सोडली होती आणि त्याचे वडीलही मेंदूच्या आजाराने गेले होते. डॉक्टरांनी केलेल्या उपदंशाच्या (सिफिलिसच्या) निदानावर पुढे वाद झाला, पण प्रेमभंग हे निदान कोणी केलेले नव्हते.

राहिला चित्रपट. नित्शेचे भ्रम पडद्यावर नृत्यरूपाने आणणारी ती दिग्दर्शिकेची कल्पित मांडणी आहे, आणि तिला तो अधिकार आहेच. पण त्या मांडणीला पुराव्याची जागा देणे ही मजकूर लिहिणाऱ्याची चूक आहे. त्याने लूचे नित्शेवरचे १८९४ सालचे पुस्तक उघडले असते, तर नित्शेच्या ग्रंथांचे बारकाईने विवेचन करणारी अभ्यासक त्याला भेटली असती.