घोंगडी भारीच आहे, पण तिला औषध म्हणून विकू नका

थंडी सुरू झाली की तो मेसेज परत फिरायला लागतो. यावर्षी मला चार ग्रुपवर आला, एकदा तर सख्ख्या आत्याने पाठवला. वर "आपल्या पूर्वजांचं विज्ञान" असं लिहिलेलं, खाली काळ्या घोंगडीचा फोटो, आणि मग दावे. घोंगडीवर झोपलं की बीपी, शुगर, सांधेदुखी, अर्धांगवायू बरा होतो. साप-विंचू जवळ येत नाहीत. टोचते म्हणजे ॲक्युप्रेशर होतं. काडी लावून केसांचा वास आला की हातमागाची अस्सल समजा. आणि शेवटी ऑर्डरची लिंक, "गावात तीन हजाराला लुटतात, आमच्याकडे हजाराच्या आत".

माझं आजोळ माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. लहानपणी आजोबांच्या घोंगडीत झोपलोय, आजही घरात दोन आहेत, एक अंथरायला आणि एक सोफ्यावर टाकलेली. घोंगडीवर जीव आहे म्हणूनच एकेक दावा घेऊन लिहितोय.

पहिला दावा आजारांचा, आणि हाच सगळ्यात वाईट आहे. आत्याने तो मेसेज वाचून घोंगडी मागवली आणि आठ-दहा दिवस बीपीची गोळीच घेतली नाही, "आता घोंगडी आणलीय ना" म्हणून. डोकं जड वाटतंय म्हणाली तेव्हा दवाखान्यात नेलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे. घोंगडीने बीपी किंवा शुगर उतरते याला काडीचा आधार नाही. ऊब मिळाली की आखडलेल्या गुडघ्यांना बरं वाटतं हे खरंय, पण ते रजईतही वाटतं, आणि बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. आमच्या ओळखीचे एक विणकर बाबा आहेत, खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून चाळीस वर्षं घोंगड्या विणतायत, दिवसभर हातात लोकर आणि रात्री अंगाखाली घोंगडी, आणि त्यांचे गुडघे पार गेलेत, बीपीची गोळी रोज सकाळी चालू आहे. घोंगडीत ते औषध असतं तर पहिलं त्यांना लागू पडलं असतं. आणि विकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आपल्याकडे १९५४ चा औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत बीपी, मधुमेह, संधिवात, अर्धांगवायू ही सगळी नावं आहेत, हे आजार बरे करतो अशी जाहिरात करायचीच नाही.

लोकरीचं खरं विज्ञान बघायचं तर ते याहून भारी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून पावसाळी हवेत उघड्या माळावर मेंढरांमागे फिरणारा धनगर तिची खोळ करून डोक्यावर घेतो. आग लागली तर लोकर भडकत नाही, बाजूला घेतली की विझते. चुलीशेजारी, शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

"साप-विंचू येत नाहीत." हे वाचून तर मला भीतीच वाटते. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, सकाळी पापण्या जड होतात तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. घोंगडीच्या भरवशावर पोरंबाळं खाली झोपवू नका, कॉट आणि चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढंच करा. धनगराच्या वाड्यावर राखणीला कुत्री असतात, तीही उगाच नसतात. किड्यांचंही तेच, लोकर हे कसरीचं खाद्यच आहे, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला न टाकता वर्षभर घोंगडी ठेवून बघा, चाळण होते.

टोचण्याबद्दल थोडक्यात. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आणि साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा केस कातडीला टोचतो. मेरिनो या मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीचा २० च्या आसपास असतो, आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, भरड. म्हणून टोचते, बाकी काही नाही. आणि जास्त टोचते तीच अस्सल हेही चूक, कोकराची पहिली कातरलेली लोकर, ज्याला जावळ म्हणतात, त्याची घोंगडी मऊ असते आणि तीच जास्त महाग असते. शुगरवाल्यांनी तर उघड्या पायाखाली टोचरी घोंगडी घेऊच नये, पाय बधिर असेल तर खरचटलेलं कळत नाही.

काडी लावून बघायचं म्हणता, ठीक आहे, लोकर जळताना केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते, ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा असेल तर वितळून कडक गाठ होते. पण यावरून कळतं काय, तर लोकर आहे की नाही एवढंच. पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून त्याचं परत सूत काढतात आणि मशीनवर ब्लँकेट विणतात, त्यालाही केसांचाच वास येणार ना. हातमाग ओळखायचा तर सूत बघा. हाताने कातलेलं सूत एका जाडीचं नसतंच, कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच एखादी गुठळी, आणि नवी घोंगडी सुताला लावलेल्या खळीमुळे पुठ्ठ्यासारखी कडक असते, वापरून वापरून सैल पडते.

आता तो "लुटतात"वाला मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. एका दख्खनी मेंढीची वर्षभराची लोकर किलोभरही भरत नाही. आमची अंथरायची घोंगडी काट्यावर ठेवली तर अडीच किलो भरली, म्हणजे तीन-चार मेंढरांची वर्षभराची लोकर कमीत कमी, त्यात धुण्या-पिंजण्यात घट होते ती वेगळी. मग बायका चरख्यावर सूत काततात. मग ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, गल्लीत लांबच्या लांब ताणून बांधतात आणि चिंचोक्याची खळ लावतात, मी एकदा पूर्ण बघितलंय, ते विणकर बाबा एका टोकाला, त्यांची सून दुसऱ्या टोकाला, खळीचा तो आंबूस वास गल्लीभर, आणि मोठ्या कुंच्याने एकाच दिशेने ओढत जायचं, केस बसले पाहिजेत पण धागे एकमेकांना चिकटता कामा नयेत, मध्ये तुटला की तिथल्या तिथे बोटाने पीळ द्यायचा, आणि हे सगळं वाळायच्या आत. त्यानंतर विणकाम. या सगळ्याचे तीन हजार म्हणजे लूट?

आणि तिकडे मेंढपाळाला लोकरीचा इतका कमी भाव मिळतो की कातरणीची मजुरी सुटत नाही, कित्येक जण लोकर तशीच टाकून देतात. बरेच जण मटणासाठी माडग्याळ जातीकडे वळले, जत भागातली ही मेंढी, तिच्या अंगावर लोकर नावालाच. हल्ली शहरात दख्खनी लोकरीचे रग, योगा मॅट, लॅपटॉपची कव्हरं, बॅगा दिसायला लागल्यात, मला ते आवडतं, मीही घेतो, फक्त विकणाऱ्याला विचारा की लोकर कुठली आणि विणली कुणी. ज्याने खरंच विणकराकडून घेतलीय तो गावाचं नाव पटकन सांगतो.

गेल्या वर्षी मी बाबांना आणखी एक सांगितली. म्हणाले, "माग रिकामाच हाय, सूत न्हाई. कातणाऱ्या दोघीच राहिल्यात आता, दोघी बी साठीच्या पुढच्या. थांबावं लागंल." थांबलो. पाच महिन्यांनी आली, ती जी सोफ्यावर आहे.