एकतर्फी प्रेम दीर्घायुषी कसे करावे

एकतर्फी प्रेम टिकवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. दोघांच्या प्रेमात भांडायला, रुसायला आणि समजूत काढायला दोन माणसे असतात. येथे ही तिन्ही खाती तुम्हाला एकट्यालाच सांभाळायची आहेत, आणि तीही समोरच्या व्यक्तीला पत्ता लागू न देता.

म्हणून पहिले पथ्य हे की, तिला कधीही सरळ विचारू नये. विचारले की उत्तर मिळण्याचा धोका असतो. डोरोथी टेनॉव या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली या अवस्थेला ‘लिमरन्स’ असे नाव दिले आणि ती आशा व अनिश्चितता या दोन्हींच्या खतपाण्यावर पोसते, असे मांडले. स्पष्ट उत्तराने यातली अनिश्चितता मरते, मग नुसत्या आशेवर किती दिवस काढणार? त्यापेक्षा ऑफिसच्या कामाचा निरोप पाठवावा आणि आलेल्या उत्तराचे रात्री साडेअकरा वाजता भाष्य लिहायला बसावे. काल ‘बरं’ आले होते, आज ‘बरं बरं’ आले आहे. म्हणजे चोवीस तासांत जवळीक दुप्पट झाली. हा शब्द माणूस दुसऱ्याला वाटेला लावतानाही दोनदा उच्चारतो, ही शंका मनात येताच फोन पालथा ठेवून झोपावे.

उत्तरे नियमित येत नाहीत याची खंत करू नये, उलट तेच तुमचे भांडवल आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतल्या कबुतराला प्रत्येक टोचीला दाणा देऊन मग तो बंद केला, तर ते लवकरच नाद सोडते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही अशी सवय लावली, तर दाणे साफ थांबल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहते. तुमच्या बाबतीत दाणा टाकणारीला आपण दाणा टाकत आहोत हे ठाऊकही नाही, एवढाच फरक. पण कबुतराला त्याच्याशी काय कर्तव्य?

गुणवर्णनात मात्र कसर नको. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मिठाच्या खाणीत टाकलेली निष्पर्ण फांदी दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढली, तर ती स्फटिकांनी लखलखत असते, हा दाखला फ्रेंच लेखक स्तांदालने १८२२ साली प्रेमाला लावला. तो स्वतः मिलानमधील एका स्त्रीपायी असाच झुरला होता, तेव्हा अधिकारवाणीबद्दल संशय नको. फांदीला यात काहीच करावे लागत नाही, सगळे कष्ट मिठाचे. कॅन्टीनमधल्या पोऱ्यावर ती खेकसली, तर तो स्पष्टवक्तेपणा समजावा.

‘सोड रे तिचा नाद’ म्हणणाऱ्या मित्रांना विज्ञानाने गप्प करता येते. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली नुकताच नकार पचवत असलेल्या १५ जणांना नकार देणाऱ्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा कोकेनच्या ओढीशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. तेव्हा तिचा डीपी दिवसातून चाळीसदा उघडणे हे वेड नसून रीतसर व्यसन आहे, असे छाती फुगवून सांगावे.

तिच्या बाजूचा विचार सहसा करू नये. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दोन्ही बाजूंच्या हकिकती लिहून घेतल्या, तेव्हा झुरणाऱ्यांना समोरच्याने आपल्याला आशा लावली असे वाटत होते, तर नकार देणारे अपराधीपणा आणि वैताग यांत सापडले होते आणि अशा वेळी वागावे कसे, हेच त्यांना उमगत नव्हते. साहजिक आहे, प्रियकराचे सगळे संवाद आपल्याला तोंडपाठ, नकार देणारीसाठी कोणी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत?

तिने ८.१४ ची लोकल सोडून ७.५२ धरली, तर तिला तुमचे अस्तित्व जाणवले, हे निश्चित. तुम्हीही ७.५२ ला फलाटावर हजर राहालच. मात्र स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने तिच्या मागे मागे राहणे हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून ‘बरं बरं’चे सर्व स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. चौकीत ते कोणीतरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचेल.