शंभराचा अंधार

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घरात देवघराच्या चौकटीवर झिरोचा एक लाल बल्ब वर्षानुवर्षे निमूटपणे जळत असे. १९९६ साली हरितालिकेच्या दिवशी, म्हणजे गणपती यायला अवघी एक रात्र उरली असताना, शेजारच्या मखरावर शंभराचा दिवा हवा, अशी इच्छा सौभाग्यवतींनी व्यक्त केली. त्यांना कडक उपास होता, त्यामुळे चर्चेला वाव नव्हता. वायरमनला बोलवू या, हे त्यांचे पुढचे वाक्य मात्र मी पूर्ण होऊ दिले नाही. सणाच्या तोंडावर वायरमन मिळत नाही, असे माझे मत होते आणि ते मी कोणत्याही वायरमनला न विचारता बनवले होते.

विजेतले मला काहीच कळत नव्हते असे नाही. मखराभोवती सोडायची दिव्यांची माळ दर वर्षी मीच दुरुस्त करीत असे. एका तारेत एकापाठोपाठ ओवलेल्या त्या चाळीस बारीक बल्बांपैकी एक गेला की चाळीसही जात. मग जमिनीवर मांडी ठोकून, एक चांगला बल्ब हाती घेऊन, तो पहिल्यापासून एकेकाच्या जागी लावून पाहायचा आणि एकोणचाळिसाव्या जागी माळ उजळायची (पहिल्याच जागी उजळल्याचे मला आठवत नाही), यात माझे कित्येक गणेशोत्सव खर्ची पडले होते. या तपश्चर्येतून मी एवढाच सिद्धान्त काढला होता, की दिवे मण्यांसारखे ओवायचे असतात.

त्यानुसार मी मेन स्विच बंद केला, झिरोकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक कापली, तिची दोन्ही टोके शंभराच्या नव्या होल्डरला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि घरातल्यांना उद्घाटनास पाचारण केले. बटण दाबले. झिरो नेहमीसारखा लागला. शंभराने डोळासुद्धा किलकिला केला नाही.

बल्बच खराब असणार, म्हणून मी तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवरच्या होल्डरमध्ये लावताच सारे दुकान लख्ख झाले. घरी आणला, तर पुन्हा ठिम्म. बदलून आणलेला दुसराही दुकानात सूर्य आणि घरात दुधी भोपळा. तिसऱ्या खेपेला दुकानदार अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, हा इथेच लावून ठेवतो. तुम्ही येऊन बघत जा."

संतापून मी शंभराचा बल्ब पुरता काढून टाकला, तर झिरोही विझला. पुन्हा लावला, झिरो लागला. जो स्वतः जळत नाही, तो काढला की जळणारा विझतो, हे कोडे मी शेजारच्या काकांपुढे ठेवले. ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "असू दे तसाच. पायगुण चांगला दिसतोय त्याचा."

दहावीतली आमची कन्या तेवढ्यात क्लासहून आली आणि चप्पलही न काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही एकसर जोडणी केलीत. घरात समांतर करतात, म्हणजे प्रत्येक दिव्याला त्याच्या त्याच्या दोन तारा." मग तिने वहीच काढली. एकसर जोडणीत सगळ्यांतून धारा एकच वाहते, पण २३० व्होल्ट मात्र ज्याच्या त्याच्या रोधाप्रमाणे, म्हणजे तो धारेला किती अडवतो त्याप्रमाणे, वाटले जातात. २३० चा वर्ग भागिले वॅट, असे करून तिने शंभराच्या बल्बचा रोध काढला, तो आला ५२९ ओहम. झिरो हा नावाचाच शून्य, तो खातो सुमारे १५ वॅट, म्हणून त्याचा रोध साडेतीन हजारांच्या वर. त्याने २०० व्होल्ट परस्पर उचलल्यावर शंभराला उरणार किती? त्यात त्याची तार तापतच नाही आणि थंड तारेचा रोध तर फारच कमी, म्हणजे हिशोबातले ३० व्होल्टही त्याला मिळत नव्हते. माळेतले चाळीसही बल्ब एकसारखे, म्हणून तिथे प्रत्येकाला पावणेसहा व्होल्ट बिनबोभाट मिळत. ज्याचा विरोध मोठा त्याचा वाटा मोठा, हा नियम मला खरे तर कचेरीतल्या वीस वर्षांत समजायला हवा होता.

तरी खातरजमा म्हणून मी झिरोच्या जागी साठाचा बल्ब लावला. साठाचा पिवळट पेटला आणि शंभराचा विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज दिली तेव्हाही दिवे समांतरच जोडले होते, असे कन्येने ऐकवले. म्हणजे ही गोष्ट जगाला ११४ वर्षे ठाऊक होती आणि माझ्यापर्यंत पोहोचायचीच राहिली होती.

सौभाग्यवतींनी निरोप धाडताच वायरमन दहा मिनिटांत हजर झाला. त्याने दोन्ही दिव्यांना स्वतंत्र फेज आणि न्यूट्रल दिले आणि चालू करण्यापूर्वी पिशवीतून एक बल्ब लावलेली लाकडी पाटी काढून जोडणी तपासली. तारा कुठे चिकटल्या असतील तर फ्यूज उडण्याऐवजी पाटीवरचा बल्ब नुसता लख्ख पेटतो, असे त्याने सांगितले. त्या बल्बच्या तारा न्याहाळून मी मोठ्या आशेने विचारले, "ही एकसरच ना?"

"हो," तो म्हणाला, "पण मुद्दाम केलेली."

मखर उजळले. माझी कापलेली तार आणि चिकटपट्टीचा गोळा हातात घेऊन त्याने विचारले, "हे काम कुणाचं हो?"

"आधीच्या वायरमनचं," मी म्हणालो.

"त्याला पैसे नाही ना दिले?"

"पैसे नाही देत," त्याच्यापुढे चहा ठेवीत सौभाग्यवती म्हणाल्या, "पण दोन्ही वेळा जेवायला घालते मी त्यांना."