सर्व्हर बंद, मुदत चालू

वादाचा मुद्दा तसा एवढासाच, की सरकारी नोंदीसाठी शेतात उभ्या पिकाचा फोटो कुणी काढायचा, शेतकऱ्यानं का सरकारनं. पण त्याच्यावरून परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्याजवळ चाचाच्या हॉटेलापुढं आमची अशी जुंपली की चाचानं शटर अर्धं खाली ओढलं तरी मिटेना, म्हणून म्हणलं लिहूनच काढावं, निदान कोण काय बोललं याच्यावरून तरी उद्या परत भांडण नको.

अप्पा आले तेच तापून. त्यांचं रान जिंतूर रोडकडं, कोरडवाहू, सोयाबीन आणि मधी तुरीचे तास. पोरगं पुण्याला कंपनीत, आणि घरात जो काय फोन हाय तो पोरानं जुना झाला म्हणून दिलेला. "मी माझ्या धुऱ्यावर हुबाय, पायाखाली माझ्या बापाची जमीन हाय, अन् फोन मनायलाय तुमी गटाच्या बाहेर हाव. आरं मग मी हाय तरी कुटं?"

बाळ्याला हसू आवरेना. बाळ्या ई-सेवा केंद्र चालवतो, दिवसभर असल्याच तक्रारी ऐकतो. तो म्हणला अप्पा, गटाचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नकाशा जुन्या कागदावरून कॉम्प्युटरवर बसवलेला, तो थोडा हिकडं तिकडं सरकलेला असतोय, त्यात तुमच्या फोनचं लोकेशन धड नाही, तुमी बांधाला हुबं राहू नका, मधी जाऊन काढा फोटो. "मधी कसा जाऊ, गुडघ्याएवढं पाणी व्हतं मधी. पाणी व्हतं म्हणूनच तर नोंद पायजे ना रे लेका!"

ज्यांना रान नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातबाऱ्यात बारा नंबरचा जो भाग असतो त्यात कुठल्या गटात काय पेरलं ते लिहिलेलं असतं. पहिल्यापासून हे काम तलाठ्याचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि हे काम शेतकऱ्याच्या हातात, म्हणजे त्याच्या मोबाईलात आलं. ॲपात पीक निवडायचं, क्षेत्र टाकायचं, रानात उभं राहून फोटो काढायचा. पुढं ते ॲग्रिस्टॅकला, म्हणजे केंद्राच्या शेतकऱ्यांच्या डिजिटल माहितीच्या यंत्रणेला जोडलं, तेव्हापासून तुम्ही खरंच त्या गटात उभे हाव का हे पण फोनच ठरवतो. आणि ही नोंद काय शोभेची नाही, हमीभावानं सोयाबीन घालायचं तर सातबाऱ्यावर सोयाबीन पायजे, विम्याला पायजे, २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी पाच हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा पण आधी हीच अट होती, मग बोंबाबोंब झाली आणि अट सोडावी लागली.

आता सर. सर जिल्हा परिषदेतून रिटायर, आणि डिजिटल म्हणलं की त्यांना उत्साह. ते म्हणले अप्पा, तुम्ही तलाठ्याचे दिवस विसरलात का? पाहणी रानात जाऊन कोण करत होतं? चावडीत बसून अख्ख्या गावाच्या नावावर कापूस लिहायचे, मागच्या वर्षीचंच पुढं ओढायचे, तुमच्या वावरात ऊस उभा आणि कागदावर तूर. आणि सातबारा काढायचा म्हणलं की दप्तर घरी हाय, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाईलवर येतो, त्याला शिक्का लागत नाही, कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. हे झालं ते ऑनलाईनमुळंच झालं ना?

ह्याच्यावर अप्पा गप. कारण खरं होतं. माझ्या वडलांनी फेरफारासाठी किती चपला झिजवल्या ते मी बघितलेलं हाय, त्यामुळं "पहिलं बरं होतं" हे मला बी पटत नाही, पहिलं अजिबात बरं नव्हतं.

सरांना मग जोरच आला. ते विम्यावर घसरले. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा दिला, काय झालं? गायरानावर विमा, देवस्थानच्या जमिनीवर विमा, दुसऱ्याच्या रानावर तिसऱ्याचा विमा, बीड-परभणीची नावं पेपरात आली, आपलीच लाज गेली. फोटो नसता तर हे उघडं पडलं असतं का?

इथं बाळ्याला लागलं. विम्याच्या एका अर्जाला केंद्रचालकाला कंपनीकडून ४० रुपये मिळायचे, आणि बोगस अर्ज सापडले तेव्हा काही केंद्रचालकांवर गुन्हे पण दाखल झाले. बाळ्या म्हणला, "सर, ज्यांनी केलं त्येंना आत टाका. पण सिस्टिमनं गायरानाचा गट नंबर घेतला कसा? म्या जर चुकीचा आधार नंबर टाकला तर लाल अक्षरात एरर येतोय, अन् सरकारी जमिनीवर विमा उतरवताना एरर येत नाही? ही तपासणी पहिल्या दिवशी टाकता आली असती की. ती टाकली नाही, अन् घोटाळा झाल्यावर सगळ्या शेतकऱ्याला चोर समजून धुऱ्यावर हुबं केलं."

मला हा त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला मुद्दा वाटला, आणि तो केंद्र चालवणाऱ्यानं मांडला, वकिलानं नाही.

मी मधी एक पिल्लू सोडलं. म्हणलं आता विम्यासाठी पिकाचं उत्पन्न ठरवायला उपग्रहाचा पण आधार घेतात, वरून पीक कसं हाय ते कळतं म्हणतात. मग वरून दिसतंय तर अप्पाला खाली चिखलात कशाला उभं करता? सर म्हणले उपग्रहाला हिरवं दिसतं, त्यात सोयाबीन किती आणि मधी तुरीचे तास किती हे नीट कळायला खालचा पुरावा लागतो, त्याला ताडून बघायला खालून फोटो पायजेच. बरोबर हाय ते. पण मग, मी म्हणलं, हे सरकारच्या गरजेचं काम झालं ना सर, सरकारला डेटा पायजे, आणि तो गोळा करायला मजूर कोण तर अप्पा, फोन अप्पांचा, नेटपॅक अप्पांचा, आणि चुकला तर नुकसान बी अप्पांचं.

सर म्हणले गावात सहायक नेमलेत, शेतकऱ्याची राहिली तर ते करतात. अप्पा म्हणले नेमलेत की, आमचा सहायक बी माझ्यासारखाच रेंज हुडकत फिरायलाय.

तवर वकील नुसता चहा पीत बसलेला. तालुका कोर्टात प्रॅक्टिस, बोलतो कमी, पण बोलला की नोटीस दिल्यासारखं बोलतो. तो म्हणला फोटो कुणी काढायचा हे सोडा, तुम्ही दोघं बी चुकीच्या टोकाला धरून ओढायलात. मला सांगा, चुकलं तर जबाबदार कोण? आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हाय. यादीतली सेवा ठरलेल्या दिवसांत दिली नाही तर अपील करता येतं, आणि कारण नसताना उशीर केला असं ठरलं तर त्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० पर्यंत दंड हाय. दंड छोटा असंल, पण नावानं हाय, माणसाला हाय. आता सर्व्हर बंद पडला तर दंड कुणाला करायचा? तलाठी म्हणतो माझ्या हातात नाही, तहसील म्हणतं वरून हाय, केंद्रवाला म्हणतो मी नुसता टाईप करतो. कायद्यानं ज्याला धरायचं तो माणूसच ह्या सिस्टिमनं मधून काढून टाकलाय.

सर म्हणले अरे पण नोंदीला मुदतवाढ देतात की दरवेळी. वकील म्हणला तीच तर गंमत हाय सर. मुदतवाढ ही मेहेरबानी झाली, हक्क नाही झाला. शेवटच्या रात्रीपर्यंत माहीत नसतं मिळणार का नाही, आमदारानं पत्र दिलं, पेपरात आलं, मग मिळते. आणि शेतकऱ्याकडं पुरावा काय, की मी प्रयत्न केला होता? स्क्रीनवर गोल गोल फिरतंय ते, त्याची पावती कुणी देतं का?

अप्पांनी इथं टेबलावर हातच आपटला. ते २०२५ च्या सप्टेंबरावर गेले. मराठवाड्यात जे पाणी झालं ते सगळ्यांनी बघितलं. त्याच्या आधी विम्यात कसं होतं, तुमच्या एकट्याच्या रानात पाणी शिरलं तरी ७२ तासांत कळवलं की पंचनामा व्हायचा. पूल पाण्याखाली, लाईट गुल, टॉवर बंद, अन् ७२ तासांत फोन लावा, हे बी अवघडच होतं, तरी एक वाट होती. आणि नेमकं त्याच खरिपापासून राज्यानं एक रुपयावाली योजना बंद केली, शेतकऱ्याचा हिस्सा परत खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्के झाला, आणि वरून ती स्थानिक आपत्तीची वाटच काढून टाकली, मग सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळात, काही गावांच्या गटात, सरासरी किती पिकलं त्याच्यावर. "माझं रान वाहून गेलं अन् मंडळातल्या माळावरच्यांचं बरं पिकलं तर मी बी बरा पिकलो मनायचं का?"

ह्याला सरांकडं उत्तर नव्हतं, त्यांनी नुसतं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं ह्याची आठवण करून दिली, तर बाळ्या म्हणला हो, अन् त्याच्या याद्या आल्या, यादीत व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, तो नंबर घेऊन माणसं माझ्या केंद्रावर आधारच्या पडताळणीला अंगठा द्यायला, अन् ऊस तोडायला कर्नाटकात गेलेला माणूस अंगठा द्यायला कसा येईल तेवढं सांगा.

अंगठ्यावरून चाचा पण मधी पडला. त्याच्या घरच्यांचे भांडी घासून घासून ठसेच उठत नाहीत, रेशनच्या मशिनीवर दरवेळी ओलं कापड घेऊन बोट पुसत बसायचं. वकील म्हणला सुप्रीम कोर्टानं २०१८ ला आधार योजनांपुरतं चालेल म्हणलं, बँक खातं, सिम, शाळा प्रवेश ह्याला सक्ती करू नका म्हणलं, पण कोर्टाच्या निकालात आणि मशिनीत फरक असतो, मशिनीला निकाल वाचता येत नाही. (हे वाक्य त्यानं आधी कुठंतरी वापरलेलं असणार, लय तयार होतं.) कुणीतरी प्रायव्हसीचं पण काढलं, फार्मर आयडीला जमीन, पीक, कर्ज सगळं जोडलं तर उद्या ते कुणाकुणाला दिसंल, आणि २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आपल्याला कितपत वाचवंल. पण आमच्या कट्ट्यावर ह्या विषयाला कधी जोर येत नाही. ज्याच्या आधारच्या झेरॉक्स गावातल्या दर दुसऱ्या दुकानात पडलेल्या हायत त्याला प्रायव्हसी सांगणार काय.

मग गाडी परत रुळावर आणली ती वकिलानं. म्हणला नुसतं बोंबलून उपयोग नाही, तहसीलदारांमार्फत वर अर्ज द्या, मी लिहून देतो. पहिली मागणी, ॲपात नोंद करताना अडलं, लोकेशन चुकलं, सर्व्हर बंद असला, तर त्या प्रयत्नाची तारीख-वेळ टाकून पावती आपोआप मोबाईलवर आली पायजे, आणि ती पावती असंल तर नोंद राहिली म्हणून विमा का हमीभाव नाकारता येणार नाही. दुसरी, सर्व्हर जितके दिवस बंद तितके दिवस मुदत आपोआप पुढं, कुणी पत्र द्यायची गरज नाही.

बाळ्यानं लगेच खुसपट काढलं. सर्व्हर बंद होता हे ठरवणार कोण? ज्याचा सर्व्हर तोच सांगणार बंद नव्हता म्हणून. आणि पावती आपोआप येणार ती पण त्याच सर्व्हरवरून, तो बंद असंल तर पावती कुठून येईल? वकील क्षणभर अडला खरा, मग म्हणला फोनमधीच फोटो तारखेसकट साठवून ठेवायचा, रेंज आली की जाईल, आणि काढलेली तारीख धरायची, पोचलेली नाही. बाळ्या म्हणला मग लोक फोनची तारीख मागं करून फोटो काढतील. सर म्हणले बघा, हेच म्हणतो मी, सवलत दिली की पळवाट. तेव्हा मला राहवलं नाही, म्हणलं सर, पाच टक्के लोक तारीख मागं करतील म्हणून पंच्याण्णव टक्क्यांनी चिखलात उभं राहायचं, हा हिशोब कुणी ठरवला? (आकडे माझ्या मनचे हायत, वादात तेवढं चालतं.) सर म्हणले पैसा सरकारी तिजोरीचा, म्हणजे तुझामाझाच. हे पण खोटं नाही. फक्त तिजोरी वाचवायची म्हणलं की कात्री कायम अर्जदारापासूनच का सुरू होते ते मला कळत नाही, गायरानाचा गट नंबर आडवायचं सोपं काम राहूनच गेलं होतं.

अप्पांचं ह्या दोन मागण्यांनी समाधान नाही. त्यांना तिसरी पायजे: पाहणी परत तलाठ्यानं करावी, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यानं, रानात येऊन, फोन त्याचा, सही त्याची, चुकलं तर दंड त्याला. वकिलाला कायद्याच्या दृष्टीनं ही आवडली, कारण धरायला माणूस मिळतो. सरांना अजिबात नाही, त्यांच्या मते म्हणजे परत चावडी, परत चकरा, परत पाकीट. मी मधला, मला वाटतं ज्याला जमतं त्यानं फोटो काढावा आणि ज्याला नाही जमत त्यानं नुसतं लेखी कळवलं की तिथून पुढं जबाबदारी सरकारी माणसाची, तारखेसकट. हे मी दोनदा म्हणलं, दोन्ही वेळा कुणी ऐकलं नाही.

अर्ज बाळ्यानं टाईप करून आणलाय, दोन मागण्यांचा. अप्पा म्हणतात तिसरी टाका मग सही करतो. सर म्हणतात तिसरी टाकली तर माझी सही खोडा.